पेन्शन साठीला की सत्तरीला

क्योतो, १४ ऑक्टोबर १९९६

ती. दमयंतीताईस,

अंबरीषचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनाने, उजवा गुडघा अलीकडे जमिनीपर्यंत जायला तयार नसतो.) तुझी तब्येत ठीक असेल, मिरजेत थंडी सुरू झाली नसेल. आम्हीही तसे बरे आहोत. फुमिए तुला आठवणीने नमस्कार सांगते. माझ्याशी मात्र चार दिवस कामापुरतंच बोलत होती, त्याचंच हे पत्र.

पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतात. इथल्या सरकारी पेन्शनला नेनकिन म्हणतात. (घरबसल्या भाषांतरं करून मी तिचे हप्ते भरत आलो.) ती पासष्टीला पूर्ण मिळते. साठीलाच मागितली तर निम्म्याहून थोडी जास्त, आणि सत्तरीपर्यंत कळ काढली तर जवळजवळ दुप्पट. एकदा मागितली की जन्मभर तेच. म्हणजे किती जगणार ते आधी ठरवा आणि मग पैसे घ्या. आपल्याकडे असं कोणी तोंडावर विचारलं असतं तर आईने त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. इथे त्याचा छापील तक्ता मिळतो, फिकट गुलाबी कागदावर, कोपऱ्यात हसणारे आजीआजोबा.

नवराबायकोने मिळून ठरवावं असं तक्त्याखाली लिहिलं होतं, म्हणून आम्ही दोघं सायकलींवरून वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाई फार सभ्य. किती जगणार हे त्या थेट विचारीनात. पुढच्या काळाविषयी आपल्या मनात काय चित्र आहे, असं त्यांनी मान लववून विचारलं. मी म्हटलं, लपवायचं कशाला? अण्णा बासष्टाव्या वर्षी गेले, काका त्रेसष्टाव्या, दादा दोन वर्षांपूर्वी चौसष्टाव्या. आमच्यातले पुरुष पासष्टी बघत नाहीत, तेव्हा मला साठीलाच द्या. 'शुभ बोल नाऱ्या' म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मागे बसलेले दोन म्हातारे आपापले बूट न्याहाळू लागले. आणि बत्तीस वर्षांत चारचौघांत माझ्यावर कधी न रागावलेली फुमिए उठली आणि सायकलस्टँडकडे चालू लागली.

ताई, मी विनोद केला नव्हता. दादा गेला त्या घटकेला मी ओसाकात विमानाच्या तिकिटासाठी रांगेत उभा होतो. तेव्हापासून चौसष्ट हा आकडा माझ्या डोक्यात घर करून बसला आहे, आणि मला त्याची भीती वाटते. लवकर घेतली तर चार वर्षं तरी काही हातात पडेल आणि फुमिएसाठी थोडं मागे ठेवता येईल, एवढाच माझा हिशेब होता.

तो तिला पटेना, म्हणून तिसऱ्या दिवशी गुपचूप एकटाच अर्ज द्यायला निघालो, तर माझा शिक्का जागेवर नाही. (इथे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात.) टेबलाचे खण, देवघर, औषधांचा डबा, सगळं पालथं घातलं. मग स्टेशनरीच्या दुकानात गेलो. तिथे फिरत्या स्टँडवर शेकडो आडनावांचे तयार शिक्के असतात, पण त्यांत बेहेरे कुठून असणार? दुकानदार म्हणाला, करून देतो, आठवडा लागेल. हे नाव जपानी अक्षरांत कसं बसवायचं याची चर्चा करता करता त्याने मला दोनदा चहा पाजला. घरी आलो तर फुमिए तांदूळ मोजत होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला सगळं कळलं.

"शिक्का हरवलेला नाही," ती म्हणाली. "सत्तरी झाली की देते."

मी पुन्हा अण्णा, काका, दादा अशी उजळणी सुरू केली. तिने मापटं खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आणि ओनेसान?"

ओनेसान म्हणजे मोठी बहीण, म्हणजे तू. ताई बाहत्तर वर्षांच्या आहेत, अजून पापडाचं पीठ स्वतः कुटतात, त्यांचे आईवडील काय निराळे होते का, असं तिचं म्हणणं. शिवाय, साठीला पेन्शन मागणारा माणूस जाण्याची तयारी करत असतो, आणि तशा माणसाबरोबर आपल्याला दिवस काढायचे नाहीत. ती स्वतःची पेन्शनसुद्धा सत्तरीलाच घेणार आहे. इतकी वर्षं मी तिला माझ्यामागे उरणारी म्हणूनच मोजत होतो, आणि ती मला शेवटपर्यंत सोबतीला धरून चालली होती. मला फार लाज वाटली. त्या संध्याकाळी भात मीच लावला.

तरी माझा निर्णय अजून झालेला नाही, हे सांगून ठेवतो. बायकोच्या बोलण्याने माणसाने व्यवहार सोडू नये. घरातल्या थोरांना नमस्कार (तुझ्याहून थोर आता कोणी उरलं नाही म्हणा), लहानांना आशीर्वाद.

तुझा,
अंबरीष

ता. क. – परदेशी माणसाला शिक्का लागत नाही, नुसती सही चालते, हे त्या खिडकीवरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात अर्ज देताना सांगितलं होतं. तरी मी शिक्काच शोधत हिंडलो, सही केली नाही. फुमिएला हे कळू देऊ नकोस. शिक्का लपवल्याचं तिला फार समाधान आहे.

आणखी एक – परवा तुझ्या प्रकाशचा फोन आला होता. दादा गेल्यापासून तू ब्लडप्रेशरची गोळी आठवेल तेव्हाच घेतेस, आणि विचारलं तर 'आता कोणासाठी जगायचं' म्हणतेस, असं तो सांगत होता. पत्र खरं तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं. ताई, गोळी रोज घे. सत्तरीच्या बाजूने फुमिएकडे तू एकटीच आहेस.