रडवलेला फोटो

दि. ३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार लिहिला खरा, पण आज हात जोडवत नाहीत, मुठी वळताहेत.

संस्थेच्या प्रसिद्धी विभागात इंटर्नशिप करून काय शिकतेस, असं विचारलं होतंस ना? ऐक. देणग्यांमधून आम्ही बहिऱ्या मुलांना कानाचं मशीन देतो. काल एका सात वर्षांच्या मुलीचा फोटो काढायचा होता. पोर नुसती खिदळत होती. मशीन लागल्यापासून तिला दाराची करकरसुद्धा गंमत वाटते. प्रमुखबाई म्हणाल्या, हसऱ्या मुलीला कोण देणगी देणार? मशीन काढ. मी काढलं. आवाज गेले तशी ती बावरली, रडायला लागली, आणि फोटोवाल्याने नेमकं तेच टिपलं. तिची आई बाहेर मशीनच्या कागदांवर सह्या करत होती. वर मथळाही मलाच लिहायला लावला: ‘हिचं जग मुकं आहे.’

पुढच्या आठवड्यात हे सगळ्या वर्तमानपत्रांकडे जाणार. त्याआधी राजीनामा तोंडावर फेकते. बाबांना सांगू नकोस. म्हणतील, ही कुठे टिकतच नाही.

रागात लिहिलंय, लोभ कमी करू नकोस.
तुझी,
ठिणगी

दि. ६ जुलै

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

राजीनाम्याने तू सुटशील गं, ती पोर नाही. तुझ्या खुर्चीत दुसरी बसेल आणि फोटो ठरल्या दिवशी छापून येईल. बाईंवर चिडलीस ते बरोबरच, पण मशीन काढणारा हात कुणाचा होता? माझा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. असे रडवेले चेहरे रोज टेबलावर यायचे; आईला विचारलंय, असं सांगणारा एकही प्रसिद्धीवाला भेटला नाही. तू आधी त्या आईकडे जा. शिव्या देईल, त्या खा. मग ती म्हणेल ते कर.

तुझ्या बापाने किती नोकऱ्या सोडल्या ते मला विचार. जेवत जा, रागाने पोट भरत नाही.
तुझीच,
आत्या

दि. १४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेले. शिव्या खाल्ल्या. मशीन काढलं होतं, हे त्या आईला ठाऊकच नव्हतं. पोर झोपतानाही ते का काढू देत नाही, हे तिला तेव्हा उमगलं. ती तडक माझ्याबरोबर ऑफिसात आली. बाई गोड हसल्या. म्हणाल्या, फोटो पाठवून झाला, आता काही करता येत नाही. आईने माझ्याकडे वळून विचारलं, खरंच? मी म्हटलं, करता येतं. बाईंच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि एकेका वर्तमानपत्राला माझं नाव घेऊन सांगितलं, मुलीला रडवून फोटो काढलाय, रडवणारी मी.

बहुतेकांनी थांबवला. एकाने छापलाच. बाईंनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं, प्रमाणपत्रही मिळणार नाही.

काल आई आणि मी त्या संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, आतल्या पानावर खुलाशाच्या दोन ओळी टाकतो. आई म्हणाली, फोटो जिथे होता तिथेच, तेवढ्याच जागेत. त्यांनी शिपायाकरवी आम्हाला बाहेर काढलं. उद्या परत जाणार आहोत. खुलासा मी लिहिलाय. त्यात मुलीचं नाव नाही, चेहरा नाही. माझी दोन्ही आहेत.

आशीर्वाद पाठव, धपाटा भेटीत घेईन.
तुझी,
ठिणगी