डावीकडे जाणारी करवत

४ मार्च

पुन्हा डावीकडे!

सकाळी धार लावून दिलेली चेनसॉ संध्याकाळी दीर परत घेऊन आला आणि ओंडक्याची एक चकती माझ्या धारेच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून गेला. वरून सरळ सुरू झालेला काप निम्म्यावर डावीकडे वळलेला. ओठ मुडपून हसल्यासारखा. ते हसू माझ्या ओळखीचं आहे.

साखळीचा प्रत्येक दात व्हर्निअरने मोजला. दोन्ही बाजूंची लांबी सारखी. वरचा कोन असावा तसाच. चूक नाही. माझ्या कामात चूक नसते. हे गर्वाने नव्हे, मोजून लिहिते आहे.

५ मार्च

दुसरी करवत. तीही डावीकडे.

८ मार्च

लिहून टाकलेलं बरं. ही खोड माझ्या नवऱ्याची होती.

इंजिनिअरिंगला मी पहिली, तो दुसरा. हे दुसरेपण त्याने जन्मभर मिरवलं. ‘दुसरा आलो म्हणून तर पहिली मिळाली,’ असं येईल त्याला सांगायचा. नोकऱ्या सोडून आम्ही झाडांचं काम हाती घेतलं तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. एवढी शिकलेली माणसं, आणि झाडं तोडणार! आम्ही झाडं वाचवतो, छाटतो, तोडणं हा शेवटचा उपाय, हे समजावता समजावता माझा घसा बसे. तो मात्र शांतपणे म्हणे, ‘हो, तोडतो. तुमचं एखादं आहे का?’

झाडावर तो आणि दीर. जमिनीवरची सगळी यंत्रं माझी. धार मात्र आम्ही दोघंही लावायचो, आणि सुरुवातीची काही वर्षं करवती डावीकडे ओढायच्या. तो डावखुरा. दोष कुणाचा, यात शंका घेण्यासारखं काय होतं? मी चकती त्याच्यासमोर आपटायची: ‘हे तुझं!’ तो म्हणायचा, ‘असेल.’ वाद नाही, खुलासा नाही. पुढे कधीतरी ते थांबलं. माझ्या बोलण्याने का होईना, त्याचा हात सुधारला, असं मी धरून चालले.

हिवाळ्यात तो गेला. झाडावरून पडून नव्हे. लोकांना परस्पर तसंच वाटतं आणि मी ते दुरुस्त करत बसते. अंथरुणात गेला, फुप्फुसांत पाणी होऊन. त्यानंतर धार लावणारी मी एकटीच आहे.

आणि खोड परत आली आहे.

११ मार्च

आज फांद्यांचा भुगा करणाऱ्या चिपरची पाती बदलली. इंजीन बंद केलं तरी आतला जड ढोल कितीतरी वेळ फिरत राहतो. घुंईऽऽ असा खाली खाली येत जाणारा आवाज. ढोल थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. तो तळहात वर धरून उभा राहायचा, एखाद्या रागीट म्हातारीला शांत करत असल्यासारखा.

आवाज विरला आणि माझ्या मागे कुणीतरी ‘हं’ म्हणालं.

मागे कुणी नव्हतं. भोंगा अंगणापलीकडे फांद्या ओढत होता. आमचा जमिनीवरचा गडी. वर चढलेल्यांना ऐकू जावं म्हणून आयुष्यभर ओरडत आला, तेच नाव पडलं. त्याला हळू आवाजात ‘हं’ म्हणता येत नाही.

ऐकण्याचा भास असतो. त्याची कारणमीमांसा मला माहीत आहे. तरीही झाकण उघडायला मी भोंग्याला हाक मारली.

१४ मार्च

जेवताना सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, जाऊ दे की आता त्याला.’

‘धरून कोण बसलंय?’

‘मग रोज त्या करवतीशी तावातावानं बोलतेस, ती काय उत्तर देते का?’

मी ताटावरून उठले नाही. आणखी भात वाढून घेतला.

१९ मार्च

अक्षर वाईट येतं आहे. येऊ दे.

रुग्णालयाच्या आवारातलं आतून पोखरलेलं झाड. त्याची सर्वांत जड फांदी बरोबर मुलांच्या वॉर्डच्या छपरावर आली आहे. आज ती उतरवायची होती. फांदी कापताना शेवटचं थोडं लाकूड मुद्दाम ठेवतात, बिजागरीसारखं. त्यावरच ती वळते आणि हवी तिकडे झुकते. काप डावीकडे गेला, बिजागरी एका बाजूने पूर्ण कापली गेली, आणि फांदी गर्रकन फिरून दिराच्या बरगडीवर आली. दोर होता म्हणून लटकला. भोंगा इतका ओरडला की खिडक्यांत मुलं जमली. त्यांतलं एक हात हलवत होतं.

दीर खाली आला. चेहरा चुन्यासारखा. नुसता मुका मार, डॉक्टर म्हणाले. मला म्हणाला, ‘वहिनी, मी सरळच धरली होती हो.’

ती फांदी तशीच अडकून आहे. निम्मी कापलेली, वॉर्डावर वाकलेली.

२० मार्च

दिराला बोलून टाकलं. तू वर गेल्यावर कानस मारतोस. दादासारखी. त्याची आठवण म्हणून असेल, पण माझी धार बिघडवतोस.

‘वहिनी, मी कानस वर नेतच नाही.’

‘मग काय भूत लावतं धार?’

‘ते तुम्हीच बघा. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. त्या खोलीत आम्हाला कुठं पाऊल ठेवू देता तुम्ही!’ वर म्हणाला: ‘दादा गेल्यापासून तुम्हाला सगळ्यांच्यात खोट दिसते. मी दुसरीकडे चढेन. माझी बरगडी काही फुकटची नाही.’

गेला. भोंगा जमिनीकडे बघत राहिला. तो गप्प होता, यावरून मी किती बोलले ते कळलं.

दीर नसेल तर चढायला कुणी नाही. चढायला कुणी नसेल तर ही सगळी यंत्रं शोभेची. आणि वॉर्डावरची फांदी कुणाची वाट बघणार आहे?

२३ मार्च

आज सोक्षमोक्ष लावला. नवी कोरी साखळी. मीच धार लावली, मीच चढवली, मीच अंगणातल्या ओंडक्यावर चालवली. दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. भोंग्यालाही सुट्टी दिली होती.

डावीकडे.

ओंडका तसाच टाकून आत आले आणि दाराला कडी घातली. मी घाबरले. हा शब्द स्वतःबद्दल मी कधी लिहिल्याचं आठवत नाही.

दिरावर आळ घेतला, तो खोटा. हे त्याहून वाईट.

२६ मार्च

त्याचे हातमोजे खुंटीवर आहेत. बोटं अजून किंचित वाकलेली, काहीतरी धरल्यासारखी.

मोठ्याने विचारलं: ‘काय हवंय तुला? डावीकडे काय आहे?’

उच्चविद्याविभूषित बाई, भर दुपारी हातमोज्यांशी बोलते आहे. शोभतं!

पण खोली ऐकत होती, हे मी शपथेवर सांगेन.

२८ मार्च

दीर दोर आणि पट्टे न्यायला आला. दारातच थांबला. मी म्हटलं, ये आत.

‘तू हात लावला नव्हतास. माझी खात्री पटली आहे.’

‘ही माफी आहे का वहिनी? दादा असता तर म्हणाला असता, लिहून घे तिच्याकडून.’

हसला. बरगडी दुखली तसा थांबला. मी त्याला चकत्या दाखवल्या. सगळ्या. त्याने त्या उलटसुलट केल्या आणि म्हणाला, ‘माझ्यासमोर एकदा धार लावा बघू.’

मला, आणि परीक्षा! पण लावली. तो माझ्या हाताकडे बघतच नव्हता. वाकून, करवत पकडणाऱ्या व्हाइसच्या बुडाशी बघत होता.

‘इथली पाचर कुठाय?’

‘कसली पाचर?’

‘पत्र्याची. व्हाइसच्या एका अंगाला होती, खाली.’

आठवलं. तो गेल्यावर त्याच आठवड्यात मी सगळं टेबल पाणसळ लावून समतल केलं होतं. निदान काहीतरी सरळ असावं म्हणून. व्हाइसखाली पत्र्याचा एक तुकडा निघाला. त्याचा नेहमीचा गबाळेपणा, असं म्हणून फेकला.

दीर खाली बघत म्हणाला, ‘उजव्या बाजूचे दात घासताना तुमचं मनगट खाली जातं, वहिनी. पहिल्यापासून. वरचा कोन बरोबर येतो, म्हणून तुमच्या मापात सापडत नाही. पण आतली धार बोथट राहते. करवत डावीकडे जायची, ती तुमची. दादाच्या कधीच गेल्या नाहीत. त्यानं एक दिवस पाचर घातली, व्हाइस कलता केला, नि तुमचा हात आपोआप सरळ यायला लागला. मला म्हणाला, बोलू नकोस. ती पहिली आलेली आहे.’

२९ मार्च

म्हणजे तो येत नव्हता. तो नाही, एवढंच त्या प्रत्येक कापात दिसत होतं.

सोमवारी दीर वॉर्डावरच्या झाडावर चढणार आहे. ‘तुमच्याच धारेवर चढेन,’ म्हणतो. जुनी पाचर भंगारात गेली, नवी करायची आहे. जन्मभर सगळं मोजत आले. काढताना तिची जाडी तेवढी मोजली नाही.