माझ्याऐवजी तूच जा

दुर्गापुरा, जयपूर
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. स्वप्ना हिस,
इंदूवहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या आईंची काळजी नसावी. पायाचं प्लास्टर अजून महिनाभर आहे, पण जीभ पूर्ण बरी आहे. फोनवर बोलताना त्या शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकतात, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे.

आता मनातलं. तू त्यांना पाहायला आलीस तेव्हा चहा पिताना मी म्हणाले, माझं चारूबरोबर सह्याद्रीत चालायला जाणं आता होत नाही, तर माझ्याऐवजी तूच जा. अगं, ते म्हणायचं म्हणून म्हटलं होतं! तू छे छे म्हणणार, मी आग्रह करणार, तू पुन्हा नको म्हणणार आणि मग दोघी मिळून हळहळणार, अशी माझी कल्पना. आपल्याकडे साधी पोळी वाढली तरी माणूस दोनदा नको म्हणतो. तू पहिल्याच शब्दाला हो म्हणालीस आणि माझे बूट पायात घालून बघितलेस. ते मेले बसलेसुद्धा.

ते मऊ व्हावेत म्हणून दिवाळीपासून रोज सकाळी मी शेतकी संशोधन केंद्राच्या कडेने फेऱ्या मारत होते. साडीखाली बूट बघून शेजारच्या यमुनाभाभी विचारायच्या, भाभीजी, कुठल्या लढाईवर निघालात म्हणून. आता विचारतात, बूट कुठे गेले.

आधी डोंगर, मग जंगल, शेवटी समुद्र, ही वाट चारूने आणि मी साताऱ्याला दहावीत असताना ठरवली होती. समुद्रात पाय दोघींनी एकदम घालायचे, हेही ठरलं होतं. पुढे माझं लग्न झालं, तुझ्या दादांच्या रेल्वेतल्या बदल्या सुरू झाल्या आणि ते राहून गेलं ते गेलंच.

असो. जंगलात एकटीला सोडत नाहीत, तेव्हा चारूला सोबत हवीच होती. मजा कर. म्हणजे फार नको. लोभ आहेच, सध्या थोडा आंबट झालाय एवढंच.

तुझी,
इंदूवहिनी

गुहागर
ता. १९ डिसेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं आणि मी खूप हसले. तू अगदी गमतीदार लिहितेस!

बामणोलीहून लाँचने पलीकडे गेलो, वासोटा चढलो, जंगलातून नागेश्वर गाठला आणि कोकणात उतरलो. झाडी इतकी दाट की दुपारीही ऊन खाली पोचत नाही. उतारावर चारूताई माझा हात धरून चालायच्या. थांबलो की गूळ-शेंगदाण्यांची पहिली मूठ मला. तुमच्या शाळेतल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, स्नेहसंमेलनात तू राजाची मिशी गिळलीस तीसुद्धा. त्या मला आता ‘स्वपे’ म्हणतात. माझी आणि त्यांची जन्माची ओळख असावी असं वाटतं.

आज समुद्र दिसल्यावर मात्र त्या एकदम गप्प झाल्या. पाय दुखले असतील. फोटो दादाच्या फोनवर पाठवते. आईला सांभाळ, म्हणजे तू सांभाळतेसच. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
स्वप्ना

दुर्गापुरा, जयपूर
ता. २९ डिसेंबर २०२४

चि. सौ. स्वप्ना हिस,
अ. उ. आ.

फोटो पाहिले. चारूचा हात तुझ्या खांद्यावर आणि खाली माझे बूट. मी ते बोटांनी मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं, मग उठून तुझ्या आईंची पाठ शेकली. त्यांनी विचारलं, आज इतकी जोरात का दाबतेस.

मी जळते आहे, स्वप्ना. सरळच सांगते. मिशीची गोष्ट आमची होती. मला ती ‘इंदे’ म्हणते, तेव्हा तुझं ‘स्वपे’ मला मुळीच आवडलेलं नाही.

आणि चारूचे पाय कधी दुखत नाहीत. समुद्र पाहून ती गप्प झाली, हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढंच कळव, तिने पाण्यात पाय घातले का? रागावू नकोस. राग करायची पाळी माझी आहे.

तुझी,
इंदूवहिनी

पुणे
ता. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तू इतकं मनाला लावून घेशील हे मला खरंच कळलं नाही. चुकले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही घातले. मी धावत गेले, बुटांसकट. चारूताई वाळूत बसून राहिल्या. मी ओढलं तरी उठल्या नाहीत, आपल्याला पाणी सोसत नाही म्हणाल्या. बुटांवर मिठाचे डाग पडलेत, ते घासते आहे.

फेब्रुवारीत गुहागरहून किनाऱ्याने वेळणेश्वर, हेदवीपर्यंत चालायचं आम्ही ठरवलंय. मी रजाही टाकली आहे. पण तुला इतकं वाटत असेल, तर माझ्याऐवजी तूच जा. मी येऊन राहीन आईजवळ. अर्थात आईला तुझ्याच हातची सवय, दादाचंही जेवणखाण तुझ्याशिवाय अडतं, हे मला कळतं. तू म्हणशील तसं. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
स्वप्ना

दुर्गापुरा, जयपूर
ता. १६ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वप्ना हिस,
अ. उ. आ.

हो.

तू कदाचित म्हणायचं म्हणून म्हटलं असशील. मीही तसंच म्हटलं होतं. तुझ्या दादांनी माझं तिकीट काढलं आहे. प्लास्टर निघालं, पण आई अजून धरूनच चालतात, आणि आपल्या लेकीला पाठ शेकायला लावायचं म्हणून आतापासून खूश आहेत. चारूला फोन केला. तुला पाणी कधीपासून सोसेनासं झालं, असं विचारलं. ती म्हणाली, इंदे, ये लवकर.

आता तुला वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे. त्याचंही थोडं बरं वाटतंय. लोभ मात्र पहिल्यासारखाच आहे, गोड.

येताना माझे बूट आण. डाग घासत बसू नकोस. समुद्रापर्यंत तेवढे लागतील, पुढे काढायचेच आहेत.

तुझी,
इंदूवहिनी