पेकरीच्या पाठीवरची जखम

लोणावळा, ३ नोव्हेंबर १९३३

जनावरांकडच्या गड्याला, धोंडीबाला, आज कामावरून काढलं. सकाळी नऊला, माळी, स्वयंपाकी आणि फाटकावरचा रखवालदार यांच्या देखत. एकांतात सांगायला हवं होतं. रागात राहून गेलं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःचीच फसवणूक नको. डुकरासारख्या तीन पेकरी माद्यांपैकी एकीच्या पाठीवर, मागच्या अंगाला, केसांत दडलेली जखम सापडली. चवलीच्या नाण्याएवढी. मधे भोक, त्यातून तेलकट पाणी, घाण उग्र. भोवती केस नाहीत. डागाची खूण अशीच असते. गेल्या महिन्यात रानडुकराचा नर आजारी पडला तेव्हा धों.नं डाग द्यायची परवानगी मागितली होती. त्यांच्या गावाकडे बैल आजारी पडला की लोखंड तापवून अंगाला लावतात. मी बजावलं होतं की या आवारात तापलेलं लोखंड कुठल्याही जनावराला लागणार नाही. त्या नराला मी एरंडेल आणि गुळातून कोयनेल, म्हणजे क्विनीन, दिलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. ही मादी मागल्या आठवड्यात दोन दिवस खाईना. मी तेव्हा पुण्याला. म्हणजे माझ्या माघारी त्यानं...

विचारलं. म्हणाला, "हिला न्हाई दिला, मास्तर." दोनदा तेच. नजर जमिनीवर.

अजून मास्तर म्हणतात. शाळा सोडून चार वर्षं झाली.

४ नोव्हेंबर

शेटना मुंबईला पत्र. झालं ते कळवलं. 'क्रूरपणा' हा शब्द घातला, खोडला, पुन्हा घातला.

बाकीचे शेट बंगल्यात हरणं-मोर पाळतात, आमच्या शेटना डुकरांचा नाद. जगात डुकराच्या जाती किती, तेवढ्या इथं हव्यात. रानडुकरं आपल्याच डोंगरातली. पेकरी अमेरिकेतून बोटीनं आल्या. दिसायला डुक्कर, पण शेपूट नावालाच. माझ्या कॉलेजातल्या पुस्तकात त्यांच्यावर एकच ओळ आहे. त्या एका ओळीच्या आधारावर मी त्यांचं आवार बांधलं: रेल्वेच्या टाकाऊ रुळांचे खांब, मुळाशी उकरू नये म्हणून दोन हात खोल दगड, मधे सरकतं दार, एका कोपऱ्यात चिखलाची लोळण. शेट येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतात की हे सगळं आमच्या मास्तरांचं डोकं.

मादीला सरकत्या दारापलीकडे वेगळी ठेवली. जखम कार्बोलिक साबणाच्या पाण्यानं दोन वेळा धुवायची. बाकी अंगही धुवायचं. उरलेल्या दोघी दाराशी नाक लावून बसल्या होत्या.

७ नोव्हेंबर

सौ.नं जेवताना विचारलं, "त्याला विचारलंत, की सांगितलंत?"

विचारलं, म्हटलं.

"मग त्यानं नाही म्हटल्यावर काय केलंत?"

आमटी खारट झाली आहे म्हणालो. झाली नव्हती.

१० नोव्हेंबर

जखम बरी होत नाही, चिघळतही नाही. सात दिवस धुऊन तेवढीच्या तेवढी. असं होत नाही.

माळी सांगत होता की धों.नं खंडाळ्याच्या वाटेवरच्या दोन बंगल्यांत काम विचारलं. दोन्हीकडे फाटकातूनच परत. एका ठिकाणी गडी हसले म्हणे: "आमच्या कुत्र्याला ताप हाय, डाग देतोस का?" गोष्ट वाढत चालली आहे. बाजारात कुणी म्हणतो त्यानं जनावराचा डोळा फोडला. मी डोळ्याचं काही बोललो नव्हतो. पण सुरुवात माझ्या तोंडातून.

चुकीच्या माणसाला बोललो असेन तर? नाही. खूण स्पष्ट आहे.

१३ नोव्हेंबर

सकाळी दोन तास पेकरींच्या आवारापुढे बसलो. हिशेबानं बसायला हवं होतं ते पहिल्या दिवशी.

उरलेल्या दोघी एकमेकींच्या शेजारी उलट्या तोंडानं उभ्या राहतात. हिचं तोंड तिच्या मागच्या अंगाशी. मग गाल घासतात, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, दोघी एकदम. घासून झालं की तोच गाल खांबाला. खांबाजवळ गेलो. रुळावर तेलकट थर, तोच वास.

वेळूच्या काठीनं एकीच्या पाठीवरचे राठ केस वर केले. भोक आहे. दुसरीच्या पाठीवरही. तेवढंच, त्याच जागी.

ती जखम नाही. देवानंच दिलेलं वासाचं भोक आहे. तिघींनाही.

बाकावर किती वेळ बसलो कळलं नाही. माळ्यानं येऊन विचारलं की तब्येत बरी आहे ना.

१४ नोव्हेंबर

सकाळी कुणाला बोललो नाही. आधी मादीची सोय करावी म्हणून सरकतं दार उघडलं. ती धावत गेली. दोघींनी हुंगलं, केस उभे केले, दात वाजवले आणि तिच्यावर पडल्या. पाण्याच्या बादल्या मारून सोडवली, पुन्हा वेगळी केली. कान फाटला आहे. ही जखम खरी.

दहा दिवस कार्बोलिकनं तिचा वास मी धुऊन टाकला. आता ती त्यांची राहिली नाही.

रात्री सौ.ला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, धों.च्या गावी, बेडश्याला, कधी जाता?

१६ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीनं कामशेत, तिथून बेडसे पायी. भाताची झोडणी चालू आहे. धोंडीबा खळ्यावर होता, शेजारी त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात. मला बघून धों. थांबला नाही. पेंढी आपटतच राहिला. आबांनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "ऱ्हावा उभं. त्याचं झालं की बोलंल."

बराच वेळ उभा राहिलो. खळ्यावरची सगळी बघत होती.

शेवटी तो आला. मी सांगितलं, तिघींनाही भोक आहे, चूक माझी. वाटेत मोठं वाक्य ठरवलं होतं, ते आठवलं नाही. तो म्हणाला, "मला ठावं व्हतं. बोटीवरनं उतरल्या तवाच बघितलं म्या. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. तुमी शिकलेलं."

मग तेव्हाच का सांगितलं नाहीस, विचारलं. तो हातातली काडी मोडत राहिला. आबा मधेच म्हणाले, सांग की आता, आलाय माणूस एवढ्या लांब.

धों. म्हणाला, "डाग दिलता. हिला न्हाई. त्या नराला. तुमचं औषद चालू व्हतं तवा, दुसऱ्या दिसाच्या सांजंला. दोन दारांच्या मधी कोंडला आन् खुरपं तापवून लावलं, डाव्या खांद्याच्या मागं. तुमी डाग म्हनलात तवा त्योच डोळ्याम्होरं आला, हिच्या भोकाचं बोलायचंच ऱ्हायलं."

मला काय वाटलं ते अजून नीट कळत नाही. राग येत नव्हता. यायला हवा होता का?

मादीची हकीकत सांगितली तेव्हा मात्र तो लगेच बोलला, जणू कामावरच आहे. दुसऱ्या गाईचं वासरू गाय जवळ घेत नाही तेव्हा ते तिच्याच खालच्या ओल्या पेंढ्यात निजवतात. हिलाही त्या दोघींच्या लोळणीतल्या चिखलात घोळवा, त्यांच्या खालचं गवत हिच्याखाली टाका. साबण लावू नका.

परत ये म्हटलं. त्यावर, "चारचौघांत काढलंत, चारचौघांत बोलवा." बरोबर आहे.

१७ नोव्हेंबर

नराला दोन दारांमधे घेऊन डाव्या खांद्यामागचे केस वर केले. दोन बोटं लांबीची रेघ. भरून आलेली, स्वच्छ. मी रोज त्याच्यापुढे उभा असतो.

मग तो उठला कशानं? माझं औषध आधीचं, धों.चा डाग दुसऱ्या संध्याकाळचा, उठला तिसऱ्या पहाटे. दोन्हींत बसतं. कदाचित आपोआपच उठला असता. औषधाबद्दल शेटनी चार लोकांत माझी तारीफ केली, ती मी घेतली.

मादीखाली चिखल आणि गवत टाकलं.

१९ नोव्हेंबर

शेटना दुसरं पत्र. पेकरीची जखम जखम नव्हती, दोष सर्वस्वी माझा, धोंडीबाला परत घ्यावं. नराबद्दल लिहिलं नाही. लिहिलं तर धों. खरोखरच हुकूम मोडणारा ठरतो आणि जातो. नाही लिहिलं तर मी खोटं बोललो असं होतं का? कुणी विचारलेलं नाही. पण विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे मी वर्गात मुलांना कधी चालू दिलं नव्हतं.

मादी आज सरकत्या दाराशी गेली तेव्हा पलीकडची एक आली आणि नुसती उभी राहिली. दात वाजवले नाहीत.

२२ नोव्हेंबर

शेटचं उत्तर. धोंडीबाला जरूर घ्या, म्हणतात. चूक कबूल करणारा माणूस ठेवल्याचा त्यांना आनंद आहे. हे वाक्य दोनदा वाचलं आणि पत्र उलटं ठेवलं.

खाली आणखी मजकूर. त्यांच्या मुंबईच्या एका स्नेह्यांच्या बागेतला रानडुकराचा नर तशाच दुखण्यानं पडला आहे. मान सुजलेली, खात नाही. आपण कोणता उपचार केला तो तपशीलवार, उलट टपाली लिहावा. तुमच्या शब्दावर ते विसंबून आहेत.

२३ नोव्हेंबर

धों. सकाळी आला. माळी, स्वयंपाकी, रखवालदार यांना बोलावलं आणि त्यांच्यापुढे सांगितलं की चूक माझी होती, यानं मादीला हातही लावला नव्हता. माळी म्हणाला, आमाला तवाच वाटलं व्हतं. त्याला तेव्हा तसं वाटल्याचं मला आठवत नाही. धों.नं सदरा काढून खुंटीला लावला आणि कामाला लागला.

दुपारी त्याला मुंबईचं सांगितलं. विचारलं, खरं सांग, औषधानं उठला की डागानं?

तो पाण्याची कावड खाली ठेवून उभा राहिला. "मला वाटतं डागानं. तुमाला वाटतं औषदानं. त्यानं दोगांचं बी घेतलं आन् उठला."

म्हटलं, डाग लिहिला तर शेट तुला ठेवणार नाहीत.

"व्हय." कावडीची दोरी घट्ट करत म्हणाला, "आन् न्हाई लिवला तर तिकडलं मरंल, तेच्या अंगात एकच गेलं म्हणून. का औषदानंच उठंल. मला काय ठावं, मास्तर. तितं पडून हाय ते डुक्कर, ते तेवढं इसरू नका."

एवढं बोलून कावड उचलून गेला.

आता तीन वाजले. टपाल चारला जातं. एरंडेलाचं माप लिहिलं, कोयनेलचं लिहिलं, गुळाच्या गोळ्या कशा करायच्या तेही. मग 'दुसऱ्या दिवशी संध्याकाळी' एवढं लिहिलं आहे आणि दौतीत टाक बुडवून बसलो आहे. शाई टाकावर दोनदा वाळली.