दोन चिठ्ठ्या, एकच नाव

पप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमच्यावर ओरडायचं मला आत्ता सुचतंय, याचाच जास्त संताप येतो. तुमचं पवित्र शास्त्र मी रोज वाचते. त्याचं रेग्झिनचं कव्हर तुम्हीच दाभणानं शिवलेलं. मागच्या आठवड्यात त्याची शिवण उसवली आणि आतून दोन चिठ्ठ्या पडल्या, पिवळ्या पडलेल्या, चार घड्यांच्या. मी लगेच ओळखल्या. एक उघडली, तिच्यावर धाकटीचं नाव. दुसरी उघडली, तिच्यावरही धाकटीचंच, तुमच्याच अक्षरात. मी तिथंच फरशीवर बसले.

तो रविवार मला अजून दिसतो. मिशनच्या बोर्डिंगात आपल्या मंडळीतून एकच मुलगी घेणार होते, आणि सातवी पास झालेल्या मुली दोनच, दोन्ही पाळकाच्या, म्हणजे तुमच्याच घरातल्या. मी आणि माझ्याहून वर्षानं लहान बहीण. उपासना संपलीय. तुम्ही टेबलाशी बसून चिठ्ठ्या लिहिताय, घडी घालून अर्पणाच्या लाल मखमली थैलीत टाकताय. आपल्यात मंडळीचे पंच निवडायचे तरी असंच, प्रार्थना करून, चिठ्ठी टाकून. माणसाचा हात त्यात नको म्हणून. मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई थैलीत हात घालते, एक चिठ्ठी काढते, तुम्ही ती वाचता. उरलेली न उघडता कोटाच्या खिशात घालता. ते मी बघितलं होतं, पप्पा. पण पाळकाच्या खिशावर कोण संशय घेतं?

घरी येऊन मी चुलीपुढं रडत बसले. पाठांतरात पहिली मी, आणि हिला दहा आज्ञा धड सांगता येत नव्हत्या. "देवानं मला का न्हाई निवडलं?" मी विचारलं. पुलपिटावर उपदेशाला उभे राहिलात की तुम्ही छापील मराठी बोलायचात, घरात आपली. "निवड लायकीवर नसती बाई, कृपेवर असती," तुम्ही म्हणालात. "जन्मायच्या आधीच त्यानं ठरवलेलं असतंय. मडकं कुंभाराला जाब विचारायलंय व्हय? ऊठ, तवा टाक." आणि मी उठून तवा टाकला! आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात भाकऱ्या मलाच येत होत्या, धाकटीला पीठसुद्धा मळता येत नव्हतं. आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कर्मांनी तारण होत नाही हे तुम्ही जन्मभर सांगितलंत, आणि माझं वाटोळं मात्र माझ्या कर्मांनीच केलं. भाकरी गोल येत होती, एवढंच माझं पाप.

चुडाव्याच्या स्टेशनावर ती गाडीत बसली ती नर्स झाली, मेट्रन झाली. मी तुमचं केलं. शेवटची दोन वर्षं तुम्हाला अंघोळ घातली, चमच्यानं पेज भरवली. तेव्हा तरी सांगायचं होतंत, तोंड तर चालत होतं! पन्नास वर्षं मी देवाशी आतून अबोला धरला. गाणी म्हटली, प्रभुभोजन घेतलं, पण मनात एकच, तुला मी नको होते ना? आणि त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तुमची सोय बघितलीत आणि आळ त्याच्यावर घातलात. याची माफी तुम्हाला मिळायची नाही. माफीबद्दल शास्त्रात काय लिहिलंय ते मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते सांगू नका. आणि त्या चिठ्ठ्या फाडून का नाही टाकल्यात? भेकड कुठले.

परवाच्या रविवारी मंडळीचा वर्धापनदिन होता, आणि धाकटी साक्ष द्यायला, देवानं आपल्याला कसं चालवलं ते सगळ्यांपुढं सांगायला, येणार होती. तिची साक्ष गावाला पाठ आहे, त्या चिठ्ठीचीच. मी ठरवलं, ती बोलून बसली की उठायचं आणि तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली उभं राहून दोन्ही चिठ्ठ्या वाचायच्या. आठवडाभर वाक्यं घोटली. चिठ्ठ्या मुठीत घेऊनच देवळात गेले.

ती गुडघा धरत उभी राहिली. म्हणाली, "निवडायचं तर अक्काला निवडायचं होतं. लय हुशार होती ती. मला काय येत होतं? वॉर्डात माझ्या डोळ्यांदेखत लेकरं गेली, तेव्हा वाटायचं सगळं सोडून पळावं. मग ती चिठ्ठी आठवायची. देवानं उगीच नसेल निवडलं, असं म्हणून परत उभी राहायचे." आणि माझ्याकडं बघून रडायला लागली.

मी उठले नाही. मला दया आली म्हणून खूश होऊ नका, ते तसं नव्हतं. तिचा सगळा जन्म माझ्या मुठीत होता, आणि मूठ उघडायची की नाही हे मी ठरवणार होते. घरी येऊन त्यातली एक चिठ्ठी गॅसवर धरून जाळली. आता एकच उरलीय, तिच्यावर तिचं नाव आहे आणि तिची साक्ष खरी ठरलीय. ती चिठ्ठी आणि हे पत्र कव्हरात घालून, तुमच्याच दाभणानं शिवून टाकणार आहे. धाकटीला देवानं निवडलं नाही, तुम्ही तर नाहीच, तुम्ही फक्त मला घरात ठेवून घेतलंत. तिची काही लायकी नसताना तिला मी निवडलं. आणि खोटं कशाला बोलू पप्पा, ते करताना मला फार बरं वाटलं.