चौकशीच्या फाइलीत अडकलेला अहवाल मिळणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
महिला कर्करोग तपासणी अभियान (शहर विभाग),
छत्रपती संभाजीनगर.

विषय : अर्जदाराच्या गर्भाशयमुख तपासणीचा अहवाल खुद्द अर्जदारास दाखविणेबाबत, तसेच परिचारिकेविरुद्धची तक्रार खोटी असलेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्याच सहीची तक्रार, दि. १० फेब्रुवारी २०२५.

महोदय,

अर्जदार सौ. मेघा अतुल वाहूळ, वय २९, रा. उस्मानपुरा, हीच संदर्भीय तक्रारीतील तक्रारदार आहे. परिचारिका श्रीमती मंजुषा साबळे यांनी न विचारता गरोदर बाईची तपासणी केली, असे त्या तक्रारीत लिहिले आहे. ते खरे नाही. त्यांनी विचारले होते.

१. दि. ८ फेब्रुवारीस गारखेड्यातील शिबिरात अर्जदार रांगेत होती. मागे सासूबाई गोजरबाई आणि गल्लीतल्या दहा-बारा बाया. सिस्टरांनी फॉर्म भरताना "दिवस गेलेत का?" असे स्पष्ट विचारले. अर्जदारास तेव्हा सातवा आठवडा होता. मागच्या खेपेस दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले आणि चार दिवसांत गर्भ गेला. म्हणून यंदा सासूबाईंची ताकीद होती, "तिसरा सरंस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाय." शिवाय अर्जदाराची आई याच आजाराने गेली. ती बिचारी तपासणी पुढच्या वर्षावर ढकलत राहिली होती. "हो" म्हटले तर आपल्यालाही आज परत पाठवतील, ही धास्ती होतीच. अर्जदाराने "नाही" सांगितले. सासूबाईही गप्प राहिल्या.

२. दोन दिवसांनी थोडे रक्त दिसले आणि घराचे धाबे दणाणले. सासरे पुंडलिकराव यांनी तक्रार लिहिली, अर्जदाराने सही केली. ती रडत होती, पण लिहिलेले तिला वाचता येत होते. आपल्या खोट्याचे खापर दुसरीच्या डोक्यावर फुटते आहे हे कळत होते, आणि त्या घटकेला तिला हायसे वाटले. त्याची लाज आजही वाटते.

३. दि. १२ रोजी सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की या दिवसांत तो भाग नाजूक असतो, तपासणीनंतर थोडे रक्त दिसू शकते, पण त्या तपासणीने गर्भ पडत नाही. सासऱ्यांना हे पटले. तक्रार मात्र मागे घेववेना. "एकदा कागद गेला तो गेला. आता गल्लीत तोंड कसं दाखवायचं?"

४. दि. ३ मार्चला गल्लीतल्या सगळ्या बायांच्या मोबाइलवर "अहवाल ठीक" असा निरोप आला. अर्जदारास आला तो असा : "केंद्रावर येऊन भेटावे." ती लगोलग गेली. लिपिक म्हणाले, "ताई, तुमचा अहवाल तक्रारीचा पुरावा हाय, फाइलीला लागला." तक्रार मागे घेते म्हटले, तर ते सुनावणीतच सांगावे लागेल, असे उत्तर आले. सुनावणी २२ एप्रिलला, आणि तिची नोटीस जाणार सासऱ्यांच्या मोबाइलवर. तिसऱ्या फेरीला अर्जदाराने एवढेच विचारले की घाबरण्यासारखे काही आहे का. "ते बी गोपनीय हाय." कोणापासून, हे अर्जदारास समजले नाही.

५. बोलावणे आजारामुळे आले की तक्रारीमुळे, हे ठाऊक नसल्याने अर्जदारास तीन आठवडे धड घास गिळवत नाही. काही निघालेच, तर गरोदरपणातही नीट लक्ष ठेवता येते, उपचार बहुधा बाळंतपणानंतर करता येतात, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. पण कशावर लक्ष ठेवायचे, हे कागद पाहिल्याशिवाय त्यांनाही सांगता येत नाही.

६. मंजुषा सिस्टरांना शिबिराच्या कामावरून काढले आहे. त्यांना परत घ्यावे. शिक्षा द्यायचीच असेल तर अर्जदारास द्यावी. आज तेरावा आठवडा चालू आहे. तिसरा सरला, बोलायची मनाई उठली, म्हणून अर्जदाराने पहिल्यांदा खरे सांगितले आहे. आता आपणही सांगावे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
सौ. मेघा अतुल वाहूळ
दि. २४ मार्च २०२५

ता. क. : उत्तर कृपया तक्रारीत दिलेल्या मोबाइलवर नको, तो सासऱ्यांचा आहे. अर्जदार उद्या सकाळी दहापासून आपल्या दाराशी बसलेली असेल.

सोबत :
१) सोनोग्राफीची प्रत.
२) "केंद्रावर येऊन भेटावे" या निरोपाची प्रत.
३) तपासणीचा अहवाल : जोडता आला नाही. आपल्या कपाटात आहे.