आधी झोल काढ

बाबा, तुमची तंबाखूची डबी सापडली. अख्खी नाही, तिच्या झाकणाची बोटभर पट्टी. हिरवा रंग बराचसा उडालाय, पण गुलाबाच्या फुलाची एक पाकळी अजून ओळखू येते. डबी हरपली असं तुम्ही मायला सांगितलं होतं. ती कुठं होती हे मला गेल्या आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. पण हे मी मधूनच सांगतोय, आणि मधून सांगितलेलं तुम्हाला चालत नसे. "धड सांग, नाही तं सांगू नको," म्हणायचे तुम्ही. तर धड सांगतो.

मी आता म्हातारा झालो. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे गेलो. वर्कशॉप बंद केलं, पण हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून घराच्या मागच्या शेडमध्ये एक मशीन बनवलं, कम्प्युटरवर चालणारं. कम्प्युटर म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? असं धरा की हँडल फिरवायला माणूसच नाही. हँडलच्या जागी मोटर आहे, आणि तिनं किती वेढे फिरायचं, कोणत्या बाजूला फिरायचं, हे कम्प्युटर सांगतो. आपण पडद्यावर अक्षर काढून द्यायचं, की टूल सरकत सरकत लाकडात तेच अक्षर कोरतं. कम्प्युटर माझ्या लेकीनं जोडून दिला. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती पुण्याला कॉलेजात शिकवते, दिवाळीत आली होती. बाकी सगळं लोखंडकाम माझं. आणि एका बाजूची स्लाइड तर आपल्या जुन्या लेथची लावली, जिच्यावर टूल आतबाहेर जायचं ती. ती लेथ इतकी वर्षं कोपऱ्यात पोत्याखाली पडून होती. स्क्रू आणि नटासकट स्लाइड जशीच्या तशी उचलली. लेक म्हणाली, "पप्पा, एकदा उघडून तरी बघा." मी म्हटलं, "काही गरज नाही. तो नट माझ्या हातचा आहे."

पहिलं काम काय करायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. तुमच्या नावाची पाटी. तुमचं नाव वर्कशॉपवरून मीच उतरवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेच सागाच्या फळीवर कोरून दारावर लावायचं होतं. उभ्या-आडव्या रेघा छान आल्या, पण तुमच्या नावातलं गोल अक्षर काही केल्या गोल येईना. नवख्या पोरीनं थापलेल्या भाकरीसारखं, दोन बाजूंनी चपटं. कम्प्युटर म्हणे टूल वीस मिलिमीटर सरकलं, आणि मी माप घ्यावं तर साडेएकोणीस. मी कम्प्युटरवर डाफरलो. त्यातले आकडे बदलले, मोटरच्या वायरी बदलल्या, कंट्रोलच्या डब्याला पंखा लावला, मीठ-कोळसा टाकून नवी अर्थिंग पुरली. सगळं होऊन अक्षर चपटं ते चपटंच. तीन आठवडे गेले. बायको म्हणाली, "आता त्या कम्प्युटरले दृष्ट काढू काय?"

शेवटी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, नीट सांगा. एकाच दिशेनं जाताना चुकतं, की उलटं फिरताना?" मी पुन्हा चालवून पाहिलं. एकाच दिशेनं गेलं की बरोबर, उलटं फिरलं की चूक. मग तिनं कम्प्युटरला सांगायला लावलं, की उलटं फिरताना तेवढे वेढे जास्तीचे दे. दिले. तर आता एकदा कमी येई, एकदा जास्त. ती म्हणाली, "कम्प्युटर त्याचं काम बरोबर करतोय. झोल दुसरीकडे आहे." तिच्या पिढीत लबाडीला झोल म्हणतात, पण ती बिचारी आपल्याच घरातला शब्द बोलली होती. माझ्या हातातला फोन तसाच राहिला, कारण हा शब्द मी तुमच्या तोंडून रोज ऐकलाय.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा. मेहकरात आपलं एकच वर्कशॉप, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी एकच लेथ, आणि जानेफळ-सुलतानपूरपर्यंतचे लोक बैलगाडीत पंप घालून आपल्याकडे यायचे. मी बावीस वर्षांचा होतो, मॅट्रिक झालेलो, आणि मला सगळं येत होतं. तुम्ही चौथी शिकलेले. हँडल उलटं फिरवलं की ते थोडं रिकामंच फिरतं आणि टूल जागचं हलत नाही. त्या रिकाम्या फिरण्याला तुम्ही झोल म्हणायचे. माप घ्यायच्या आधी हँडल मागे घेऊन पुन्हा एकाच बाजूनं पुढे आणायचं, ही तुमची शिस्त. मी घाई केली की तुमचा आवाज यायचा, "काऊन रे, कोणाची बस चुकून राह्यली? आधी झोल काढ, मंग मोज." एकदा तर गिऱ्हाइकासमोर माझ्या हातातून मापाचा कॅलिपर काढून घेतला. मला तो राग बरेच दिवस पुरला.

त्या वर्षी स्लाइडचा जुना नट झिजला. नवा नट गनमेटलचाच करायचा, ते लवकर झिजत नाही, असं तुम्ही बजावलं आणि मला खामगावला पाठवलं. मी गेलो. पण आधी सिनेमाला बसलो आणि बाहेर आलो तर दुकान बंद. रिकाम्या हातानं घरी जायची हिंमत नव्हती. आपल्या भंगारात पितळी नळाचा एक जाडजूड तुकडा होता, दुसऱ्या दिवशी तुम्ही बाहेर गेलेले पाहून मी त्याचाच नट केला. पिवळं ते पिवळं, कोणाले समजते? तुम्ही आल्यावर विचारलं, "गनमेटल भेटलं ना?" मी म्हटलं, "हाव." तुम्ही नट हातात घेऊन उजेडाकडे धरला, थोडा वेळ पाहिला, आणि परत दिला. "बसव," म्हणालात.

पितळ ते पितळ. ते सहा महिन्यांत झिजलं. नट ढिला झाला की टूल कापता कापता आपसूक आत ओढलं जातं आणि माल माप सोडतो. पण हे लक्षात आलं नाही, किंवा येऊ दिलं नाही. मग कापसाच्या हंगामात तो दिवस आला. जिनिंगचा शाफ्ट थांबलेला, तो ज्यांत फिरतो ते बुश तुम्ही कातत होतात, आणि जिनिंगचा मॅनेजर बाकावर चहा पीत बसलेला. पहिला बुश गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला टूल आत घुसलं आणि कर्र आवाज झाला. मॅनेजर म्हणाला, "मिस्त्री, आज काय झालं बा तुमाले?" तुम्ही खाली वाकून स्लाइडकडे पाहायला लागलात. आणि मी, चार माणसं ऐकत असताना, बोललो, "त्याइचा हात हालून राह्यला आता. वय झालं. बाबा, उठा तुमी, मी करतो."

मला अजून दिसतंय. तुम्ही पट्टा सोडवता. हात पुसता, एकेक बोट पुसता. माझ्याकडे पाहता. रागानं नाही, राग असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. "हाव," म्हणता तुम्ही. "आता राहू दे. सकाळी तूच बस. मी मशीन पुसून ठेवतो." आम्ही सगळे निघालो. दिवेलागणीला तुम्ही घरी आलात, आणि जेवण झाल्यावर मायकडे कागदाचा कपटा मागितला, तंबाखू बांधायला. माय म्हणाली, "अन् डबी कुठी गेली?" तुम्ही म्हणालात, "हरपली." मला हसू आलं. "पाहा," मी मायला म्हटलं, "आता डब्याही हरपायले लागल्या."

सकाळी मी लेथवर बसलो. पहिलाच बुश मापात आला. दुसराही आला, तिसराही. म्हणजे हातच हलत होता, असं मी धरून टाकलं. मॅनेजरनं पाठ थोपटली. तुम्ही दारात उभे होतात, मान हलवलीत, आणि जाऊन ग्राइंडरपाशी बसलात. पुढची सात वर्षं तिथंच बसून सगळ्यांच्या टूलांना धार दिलीत. लेथला पुन्हा हात लावला नाही. वर्षभरात मी नवी मोठी लेथ आणली, पाटीवर माझं नाव टाकलं, आणि जुनी लेथ पोत्याखाली गेली. तुम्ही टूलला धार द्यायचे तशी धार मेहकरात कोणाला जमली नाही. हलत्या हाताची ती धार नसते, बाबा. मी ती रोज वापरत होतो.

आणि हो, बाजारातून मी तुम्हाला नवी डबी आणून दिली होती, मोराच्या चित्राची. केवढा मोठेपणा वाटला होता मला! तुम्ही ती शेवटपर्यंत वापरलीत.

लेकीचा तो फोन ठेवला आणि स्लाइड खोलली. नट दोन तुकड्यांचा आहे, मीच केलेला, मधे बारीक सांद असते. त्या सांदीत ही पट्टी होती. कात्रीनं नीट कापून, कानशीनं कडा मारून, बरोबर तेवढीच जाड करायला एका टोकाला दुमडून बसवलेली. ती मधे घातली की नटाचे दोन्ही तुकडे स्क्रूला दोन बाजूंनी दाबून धरतात आणि झोल जातो. इतक्या वर्षांनी मोटरच्या थरथरीनं ती फाटून खाली सरकली होती, म्हणून कधी कमी, कधी जास्त. मी पुसली तर हिरवा रंग निघाला, मग पाकळी. मी तिथंच जमिनीवर बसलो. बायको धावत आली, तिला वाटलं शॉक लागला.

म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही नट उघडलात. पितळ पाहिलंत. ते कदाचित उजेडाकडे धरलं होतं तेव्हाच ओळखलं असेल. खिशातली डबी कापून माझी चूक बुजवलीत, नट पुन्हा लावून टाकलात, आणि सकाळी मला लेथवर बसवून माझी पाठ थोपटू दिलीत. एक शब्द मला बोलायला काय हरकत होती? चार थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्या विसरून गेलो असतो. हे असं विसरता येत नाही. तुमचा मला राग येतो, बाबा, आणि या वयात तो कोणावर काढू?

नवा नट केला, गनमेटलचा. या वेळी खामगावला गेलो तो सरळ दुकानात गेलो. काल तुमच्या नावाची पाटी झाली, गोल अक्षर गोल आलं. लेकीला फोटो पाठवला, ती म्हणाली, "भारी! कशात होता प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "जुन्या नटात." एवढंच सांगितलं. पट्टी मोराच्या डबीत ठेवली आहे, हा कागदही घडी करून त्यातच ठेवतो. वाचणारं कोणी नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते. त्या दिवशी तिसऱ्या बुशाला कर्र आवाज झाला, तुम्ही खाली वाकलात, तेव्हा मला नटच आठवला होता. तुम्ही तो उघडाल आणि मॅनेजरसमोर पितळ निघेल, याची भीती वाटली. म्हणून मी हाताचं नाव घेतलं.